दोन तासांसाठी बाहेर जाताना

भाऊजी,

तुम्ही अंघोळीला गेलात तेवढ्यात निघतेय. समोरासमोर सांगितलं असतं तर माझा पाय निघाला नसता.

काल तुमच्या दादांनी तिसऱ्यांदा औषध थुंकलं आणि मी त्यांच्यावर ओरडले. घरी येणाऱ्या नर्सताईंनी माझे डोळे बघूनच ओळखलं. म्हणाल्या, "रोज थोडं बाहेर पडा, नाहीतर मला एकाऐवजी दोन पेशंट सांभाळावे लागतील." ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्या बायका त्यांच्याकडे जमतात, तिथे चाललेय.

दादांना दुखायला लागलं तर निळ्या बाटलीतलं औषध ड्रॉपरच्या खुणेपर्यंत घेऊन जिभेखाली सोडा. रक्त दिसलं तरच हातमोजे घाला. एचआयव्ही स्पर्शाने होत नाही, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय. तरी महिनाभर तुम्ही दारातूनच बोलताय.

आता फार दिवस नाहीत. मी यायच्या आत काही झालं, तर मला फोन नंतर करा, आधी त्यांच्याजवळ बसा. परवा ते तुम्हाला हाक मारून म्हणाले, "मला एकटं जायची भीती वाटतेय रे." तुम्ही दाराबाहेर चपला घालत होतात. म्हणून मीच "ओ" दिली.

वहिनी