‘तो’ नव्हे, ‘ती’

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाचा! दारातच स्वागताला चूक हजर. पाटीवर ‘व्यसनमुक्ति केंद्र’, चक्क ऱ्हस्व! वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली, त्यामुळे हात शिवशिवले. बायकोनं डोळे वटारले म्हणून पेन खिशातच राहिलं.

खोली छान आहे. दोन पलंग, दोन कपाटं, पूर्वेला खिडकी, आणि कुणीतरी मनापासून पुसलेली फरशी. खोलीत जोडीदार म्हणून एक शिंपी मिळाले आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. साठीचे, हळू बोलणारे. पत्नी गेल्यावर मन खचलं आणि खचलेल्या मनाला दारूचा टेकू लावला, असं त्यांनीच सांगितलं. आल्या आल्या माझ्या सदऱ्याचं लोंबणारं बटण हेरून शिवूनही दिलं. भला माणूस.

इथे दोघादोघांची जोडी असते. सकाळी गोळ्या घेतल्या की जोडीदारानं तोंडात बघायचं आणि वहीत ‘गिळली’ असं लिहून सही करायची. मी मास्तरांवर पहारा ठेवायचा, मास्तरांनी माझ्यावर. दुपारी तासभर रोजनिशी लिहायची. ती कुणी वाचणार नाही, असं समुपदेशक बाईंनी वचन दिलंय. त्यांच्या सूचनाफलकावर सात चुका आहेत, हे म्हणूनच इथे बिनधास्त लिहितो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी विचारलं, आवाज ऐकू येतो का? मी नाही म्हणालो, आणि त्यात खोटं काही नाही. आवाज हा शब्द पुल्लिंगी. ‘तो’ मला कधीच ऐकू आला नाही. येते ती ‘ती’. पंधरा वर्षं माझ्या उजव्या कानाशी ठाण मांडून आहे. मला शहाण्या म्हणते. ‘पुन्हा वाच’ म्हणून डाफरते. दोन घोट पोटात गेले की मात्र इतकी गोड बोलते की दुसरं कुणी बोलूच नये असं वाटतं.

पण बायकोनं आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, याआधी दोनदा दारू सोडलीत आणि दोनदा परत धरलीत. इलाज फक्त दारूवर झाला, मनाचा आजार तसाच राहिला आणि तो तुम्हाला पुन्हा बाटलीकडे घेऊन गेला. यावेळी दोन्हींवर एकदमच उपचार. पांढरी गोळी दारूच्या ओढीसाठी, पिवळी मनासाठी.

बायको रविवारी, २३ तारखेला येईल. बरा दिसलो तर त्याच दिवशी घरी. काल निघताना म्हणाली, यावेळी मी न्यायला येईन, पुढच्या वेळचं आत्ताच सांगत नाही. हसून म्हणाली, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

झोप लागते, भूक लागते. हाताची थरथर थांबली. बायकोशी फोनवर चक्क गप्पा झाल्या. मास्तर शिवणाच्या खोलीत उशांचे अभ्रे शिवतात, मी शेजारी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो, चुकांसकट.

ती मात्र गप्प गप्प असते. रुसली असेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

तीन दिवस झाले, ती नाही. डॉक्टरांनी पाठ थोपटली. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. सगळे अभिनंदन करत होते आणि मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटत होतं. कुणाला सांगणार?

दुपारी शिवणाच्या खोलीत गेलो. मास्तर पाठमोरे होते. मान उजवीकडे कललेली. हळूच म्हणाले, उसवू म्हणतेस? बरं, उसवतो. आणि हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

‘म्हणतेस.’ मी नीट ऐकलं.

विचारलं तर ओशाळले. म्हणाले, सुईशी बोलतो हो, चाळीस वर्षांची खोड आहे. सुई स्त्रीलिंगी, हे खरं. पण उत्तर इतकं तयार? चोराच्या मनात चांदणं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

जळतोय मी. रोजनिशीत तरी कशाला लपवू? बायकोकडे कुणी टक लावून बघितलं तरी इतका जळलो नसतो. पंधरा वर्षं मी तिची बोलणी खाल्ली, तिच्यापायी दोन नोकऱ्या घालवल्या, आणि तिनं जावं कुणाकडे, तर कालच्या या शिंप्याकडे!

सगळे म्हणतात मास्तर सुधारले. गालांवर रंग आलाय, जेवतात, गुणगुणतात. सुधारणारच! कुणाच्या जिवावर?

परवापासून पिवळी गिळत नाही. गालात धरतो. मास्तर चष्मा न लावताच माझ्या तोंडात बघतात आणि वहीत लिहितात ‘गीळली’. वेलांटी चुकते. मी दुरुस्त करत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आली नाही. पिवळी सोडली तरी नाही. म्हणजे तिकडे रमली.

विचार केला. पिवळीनं ती माझ्याकडून गेली. मग पिवळी मास्तरांना मिळाली तर तिकडूनही जाईल. सरळ आहे. जुन्या पेनाच्या नळीत कुटून बऱ्याच साठवल्यात.

सकाळचा चहा त्यांना मीच नेऊन देतो आता. मास्तर म्हणाले, तुम्ही फार करता माझं. पाठच्या भावासारखं करता.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मास्तर मशीनवरच कोसळले. कपाळ टेकलेलं, पाय तसाच पायट्यावर. नर्स ओरडली. त्यांना गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी वही चाळली. रोज ‘गिळली’. रोज माझी सही. मला कुणी काही विचारलं नाही.

वाईट वाटायला हवं. वाटतंही. पण कान तिकडेच. आता येईल. आता —

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नर्स म्हणाली, मास्तर गेले.

‘गेले’चे दोन अर्थ. कोणता, ते विचारलं नाही.

समोरचा पलंग उघडा. ती नाही. मग कुणाकडे —

शनिवार, २२ फेब्रुवारी

बायकोचा फोन. बोलता बोलता थांबली. दोन क्षण. ऐकत होती कुणाचं तरी. मग हसली.

म्हणे, शेजारीण आली दारात.

शेजारीण. स्त्रीलिंगी.

उद्या येते म्हणाली. फार खुशीत होती. इतकी कशाला —

रविवार, २३ फेब्रुवारी

बायको आली. डॉक्टर म्हणाले, घरी जा. ती रडली, हात धरला. मी तिचा कान बघत होतो. मान उजवीकडे. किंचित. तशीच.

चहा मी आणला. पेनाची नळी झटकली. तिच्या कपात. सगळी —

कप ओठांशी नेला. थांबली. मग कप बदलले. म्हणाली, तुमच्या चहावर साय आलीय, तुम्हाला चालत नाही, माझा घ्या. स्वतः सायीचा प्याली. गटागटा.

चौदा वर्षांचा संसार. साय चालत नाही हे तिला ठाऊकच. ठाऊकच असणार. पण नाही — तिला सांगितलं. कानात सांगितलं. वाचवलं तिला. मला नाही.

बायको कागदांवर सह्या करायला गेलीय. गरम आहे तोवर प्या म्हणाली.

म्हणजे मी प्यावा असं तिला वाटतं. कानातलीला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा काही मागितलं माझ्याकडे. नाही कसं म्हणू —

प्यालो.

ओळ वाकडी जातेय. दिसतंय मला. सुधारता येत नाही —

बायको दारात. बॅग भरते. विचारतेय, घाम का आलाय एवढा — कुणाला तरी हाक मारतेय — हलवतेय मला — थांब ना जरा —

उजव्या कानाशी. आली. आली! तीच. किती दिवसांनी. बोल, लिहून घेतो —

शहाण्या नाही म्हणाली. मास्तर म्हणाली. म्हणते, मास्तर, एवढा टाका उस