समोरच्या उतारावरचा नर

वायोमिंग, डोंगरातला तळ

प्रिय बाबा,

मी धडधाकट आहे. बर्फ पडलंय, पण तंबूत शेगडी आहे. आईचा गुडघा कसा आहे? म्हातारी घोडी नीट खाते ना?

प्रत्येक पत्रात तुम्ही विचारता, "जवळ जाऊन मारता ना?" काल एल्क हरणाचा थोरला नर अर्ध्या मैलावर समोरच्या उतारावर चरत होता. मी आमच्या गिऱ्हाइकाला, प्रेस्कॉटसाहेबांना म्हटलं, "ओढ्यातून चढू, तासाभरात जवळ पोचू."

साहेब म्हणाले, "मग बंदुकीवर एवढी महागडी दुर्बीण काय शोभेला लावलीय? अंतर, वारा, सगळं तीच सांगते."

गोळी सुटली तेव्हा नर उभा होता. ती पोचेपर्यंत त्यानं एक पाऊल टाकलं. ते दुर्बिणीला कुठून कळणार?

साहेब म्हणाले, "हुकली." मी दरी ओलांडून गेलो, तर बर्फावर रक्त आणि पोटातला हिरवा चोथा. रक्त सांडलं की शिकार झाली, जनावर मिळो न मिळो, दुसरं मारायचं नाही, हा तुमचा नियम इथेही तंबूबाहेर पाटीवर रंगवलाय. आमचा मालक डेल म्हणाला, "कुणी पाहिलंय? गप बस." आज सकाळी साहेबांनी दुसरा मारला आणि फोटो काढून घेतले.

पहिला मला दुपारी सापडला. वर कावळे घिरट्या घालत होते. अजून जिवंत होता. माझ्याकडे बघत राहिला, उठू शकला नाही. त्याच्या पापण्यांचे केस दिसत होते, इतका जवळ होतो.

तर हो बाबा, जवळ जाऊनच मारला.

आईला सांभाळा.

तुमचा,
ऑरिन