मोतिया आणि सोफिया

धामणगाव बढे,
१८ नोव्हेंबर २०२३

चि. जयमालास काकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मले धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. शेजारच्या कय्यूमभाईनं काढलेल्या रोशाच्या तेलाची बाटली सोबत पाठवून राह्यलो. डोंगरावरचं रोशा गवत फुलोऱ्यात आलं की गीताबाई कापून आणते अन् कय्यूमभाई भट्टी लावते. या कामात बावीस वर्सं झाली दोघांले. तुमची कंपनी साबणाले, सरबताले गुलाबाचा वास पुरवते ना? तिथं हे तेल तपासून पाय. पसंत पडावं, एवढीच त्याची आस आहे. लहानपणी तू भट्टीपाशी बसून डोक्याले वास लावून घरी यायची, हे तो अजून हसून सांगते.

जेवणाची हेळसांड करू नको. लोभ आहे तसा राहू दे.

तुझा निवृत्तीकाका


मुंबई, ९ डिसेंबर २०२३

ती. काकांना सा. न. वि. वि.

तेल तपासलं. त्याला गुलाबाचा वास येतो तो जिरॅनिऑल नावाच्या द्रव्यामुळे. चांगल्या तेलात ते शंभरात ऐंशी भाग तरी हवं. कय्यूमचाचांच्या तेलात पंचावन्नच निघालं, बाकी भलतंच. काका, यात कुणीतरी भेसळ केली आहे. अहवालात मी तसंच लिहिलं. ओळखीचा माणूस म्हणून झाकलं, असं इथे कुणी म्हणायला नको. चाचांना जपून सांगा.

तुमचा खोकला कसा आहे ते कळवा. माया असू द्यावी.

तुमची जयमाला


धामणगाव बढे,
४ जानेवारी २०२४

चि. जयमालास आशीर्वाद.

कय्यूमभाईले सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गीताबाईले विचारलं, मी नमाजले गेल्यावर भट्टीवरच्या डेगीत काही ओतलं काय म्हणून. तिनं विळा तिथंच ठेवला अन् निघून गेली. आठवड्यात यानं तांब्याची डेग मोडीत घातली अन् मेहकरले पोरीकडे, फलककडे गेला. मले इथं गमत नाही. तू खरं तेच लिहिलं असशील, तुले दोष नाही.

आठवण ठेव.

निवृत्तीकाका


मुंबई, ११ फेब्रुवारी २०२४

ती. काकांना सा. न. वि. वि.

दोष माझाच आहे. आमच्या शेखर सरांनी गेल्या आठवड्यात तपासणीचे जुने आलेख चाळताना चाचांच्या तेलाचा आलेख पाहिला आणि विचारलं, याला भेसळ कोण म्हणालं? रोशाच्या दोन जाती असतात, मोतिया आणि सोफिया. दिसायला सारख्या, एकाच डोंगरावर उगवणाऱ्या. मोतियाला गुलाबाचा वास, सोफियात जिरॅनिऑल कमी आणि वास आल्याकडे झुकणारा. मी सोफियाचं तेल मागवून ताडून पाहिलं. जे मला भलतंच वाटलं होतं, ते सगळं त्यात होतं. दोन्ही गवतं एकत्र कापली गेली, एवढंच. कुणी काही ओतलं नव्हतं.

मी एकदा विचारायला हवं होतं, काका. नवी नोकरी, कडक दिसायची हौस. अहवाल आज दुरुस्त केला. हे पत्र चाचांना वाचून दाखवाल का?

मला रागवा, पण परकी करू नका.

जयमाला


धामणगाव बढे,
२५ फेब्रुवारी २०२४

चि. जयमालास आशीर्वाद.

बसनं मेहकरले जाऊन आलो. कय्यूमभाईनं तुझं पत्र फलककडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाला, दोन्ही गवतं तो दांड्यावरून ओळखून निवडत होता, पण दोन वर्सांपासून मोतीबिंदूनं दिसत नाही, अन् हे त्यानं कोणाले सांगितलं नव्हतं. तुझ्यावर राग नाही. भट्टी पुन्हा लावायची नाही म्हणते.

त्याचा जीव अडकला तो गीताबाईत. बावीस वर्सं सोबत राबलेली बाई, अन् तिले चोर ठरवलं, असं म्हणून रडला. तिच्या दारात जायची त्याची हिंमत नाही. तू तिच्या नावानं एक चिठ्ठी लिही, सोप्या शब्दांत. तिले वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. माझ्याशीही ती बोलत नाही, कारण तुझं पहिलं पत्र कय्यूमभाईकडे मीच नेलं होतं. दार उघडलं नाही, तर बाहेर उभा राहून मोठ्यानं वाचीन.

लवकर लिही, पोरी. माया कमी होणार नाही.

तुझा निवृत्तीकाका