विहीणबाई आणि निलगिरीची पानं

४ फेब्रुवारी
लेकीचं नवं खूळ! लग्नातलं रेशमी कापड म्हणे झाडाच्या पानांनी रंगवायचं. कुणी? मी आणि होणाऱ्या विहीणबाईंनी — मिळून! "तेवढीच ओळख होईल गं आई." अगं, लाँड्री चालवते मी! जन्म गेला लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात, आता मुद्दाम पाडत बसू?

७ फेब्रुवारी
विहीणबाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. आल्या आल्या दारातल्या चपला ओळीत लावल्या — माझ्या चपला! सोबत हातमोजे, थर्मामीटर आणि पिशवीभर निलगिरीची पानं. तीसुद्धा उंचीप्रमाणे, प्रार्थनेला उभी केल्यासारखी.

कृती ऐकायला सोपी. कापड तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, वर पानं पसरायची, गुंडाळी करून सुतळीने आवळायची आणि वाफवायची. पानं जशीच्या तशी उमटतात म्हणे. आधी नवऱ्याच्या बनियनवर प्रयोग केला. सोडून बघतो तर — चिखल!
"तुरटी कमी पडली," विहीणबाई.
"वाफ कमी पडली," मी.
"माझं एक बनियन कमी झालं," नवरा.

८ फेब्रुवारी
घरभर खोकल्याच्या औषधाचा वास. शेजारीण विचारून गेली, कोण आजारी आहे!

१५ फेब्रुवारी
कडाक्याचं भांडण. माझी पाठ वळताच बाईंनी पातेल्यात मूठभर गंजके खिळे टाकले. रंग गडद होतो म्हणे. झाला की! उशीचा अभ्रा काळाठिक्कर. म्हटलं, "विचारायची काही पद्धत?"
"विचारलं की तुम्ही नाही म्हणता."
खरंच आहे, म्हणून तर जास्त डोकं फिरलं. पिशवी उचलून तरातरा निघून गेल्या. जा म्हणावं!

१६ फेब्रुवारी
आल्या नाहीत. मी काही फोन करणार नाही.

१७ फेब्रुवारी
आल्या! माफीबिफी काही नाही. तळहातावर दोन खिळे. "एवढेच," म्हणाल्या. मी मुकाट्याने चूल पेटवली. गाठीवर त्यांनी बोट धरलं, मी सुतळी ओढली.

आणि उमटली की पानं! तांबूस केशरी, कडेला काळी रेघ, आतली शीर न शीर दिसतेय. दोघी केवढ्याने किंचाळलो! मग त्या मागच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "हे गेल्यापासून आमच्या घरात एवढ्या मोठ्याने कुणी ओरडलंच नाही."
म्हटलं, "ओरडायला इथे येत जा. आमचं घर तसंही बदनाम आहे."
हसल्या. मुख्याध्यापिकेला हसताना पहिल्यांदाच बघितलं. पुढचे दात किंचित वाकडे आहेत.

२ मार्च
लग्नाचं कापड झालं. सावलीत वाळतंय, आम्ही राखण करतोय. बोलता बोलता बाई मला "तू" म्हणाल्या आणि जीभ चावली. म्हटलं, "असू दे. मीही म्हणते."
नवरा आता बनियनं कपाटात कुलपात ठेवतो.

९ मार्च
मुलांनी लग्न मोडलं. भांडण नाही, तंटा नाही — "आमचं जमणार नाही," एवढंच. लेक दार लावून रडतेय.
संध्याकाळी विहीणबाईचा फोन. हळूच म्हणाली —
"आता मी तुझी कोण गं?"
म्हटलं, "ते उद्या ठरवू. तू ये."