सभेत हात कोणत्या बाजूने

तीर्थरूप आप्पांना धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. अणुवीज केंद्रात आत काम करणाऱ्यांचे कपडे धुते, तेच काम अजून आहे. घरी निघताना रोज अंगाला किरणोत्सारी काही चिकटलं का ते बघणाऱ्या तपासणी यंत्रात उभं राहावं लागतं, त्यामुळे काळजी नको. मंगळवारी ते माझ्या मनगटापाशी वाजलं. तीनदा हात धुतल्यावर गप्प झालं. आईला एवढं वाचून दाखवू नका. दुपारी वीज गेली की तिचं शिलाई मशीन अजून अडतं का?

तुम्ही विचारलंत, गावच्या सभेत हात कोणत्या बाजूने वर करू, अणुवीज केंद्राच्या की सोलरच्या? वर लिहिलंत, "तू तिथलीच, तूच सांग." आप्पा, मी कपडे धुते, अणू फोडत नाही!

तरी आमच्या इंजिनिअरसाहेबांना विचारलं. म्हणाले, अणुवीज रात्रंदिवस मिळते, धूरही नाही. पण त्यांच्याच घरावर सोलर! तर म्हणे, ते स्वस्त पडतं आणि लवकर बसतं. मग रात्री? बॅटऱ्या. त्या महाग ना? होतील स्वस्त. आणि इथला कचरा? सांभाळायचा. किती वर्षं? तेवढ्यात साहेबांना फोन आला.

सकाळी मला एक पटतं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुसरं. डोक्याचा पार भुगा झालाय.

तुम्हाला पटेल त्या बाजूने हात वर करा. पण सभेत उभं राहून "माझी मुलगी तिथेच आहे, तिला काही झालं का?" असं मात्र म्हणू नका. मला काही झालेलं नाही. तरीही म्हणू नका.

तुमचीच,
धाकटी