अठ्ठ्याहत्तर वर्षांची एक रुग्ण

९ मार्च

प्रिय ताई,

सात महिने तुला पत्र नाही, आणि फोनवर 'बरी आहे' यापुढे माझी गाडी सरकत नाही. रागावू नकोस असं म्हणायचाही मला हक्क नाही. कामाचं कारण देणार होते, पण वेळ होता. रोज संध्याकाळी कोरा कागद पुढे घेऊन बसत होते.

चाळिशी उलटल्यावर कलोपचाराचं, म्हणजे चित्रांतून रुग्णाच्या मनावर उपचार करण्याचं, शिक्षण घ्यायला निघाले तेव्हा तू म्हणाली होतीस, "आता या वयात खडू घेऊन बसणार का?" खडूच घेऊन बसले. रुग्णालयात आम्हाला चादरी ठेवायची जुनी खोली दिली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, रंगांचे डाग पडलेलं बेसिन. नियम थोडेच. चित्र रुग्णाचं. त्याचा अर्थ आपण सांगायचा नाही, विचारायचा. आणि घरच्या माणसावर उपचार करायचे नाहीत.

शेवटच्या प्रबंधासाठी एकाच रुग्णाच्या निदान आठ बैठका लागतात. माझ्या वाट्याला एक निवृत्त बसचालक आले. तिसऱ्या बैठकीला म्हणाले, "बाई, मला रंग नकोत, झोप हवी," आणि पुढच्या आठवड्यात घरी गेले. दुसरा रुग्ण मिळेना. तेव्हा आई माझ्याकडे अंथरुणावर होती.

नऊ मंगळवार मी तिच्या मांडीवर जेवणाचा ट्रे ठेवला, त्यावर कागद आणि खडू. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "हे माझ्यासाठी, की तुझ्या परीक्षेसाठी?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी, आई." ती म्हणाली, "मग घड्याळ का बघतेस?" तुला तिचा स्वर ऐकू येईल. तरी ती काढत राहिली. मला वाटतं, माझी सोय व्हावी म्हणून. हे आज वाटतं. तेव्हा मी टिपणात 'सहकार्य चांगले' असं लिहिलं.

पाचव्या मंगळवारी तिनं एक खाट काढली आणि एका पांघरुणाबाहेर दोन डोकी. मी नियम मोडून अर्थ सांगायला गेले, की माणूस आजारात मनानं लहान होतो वगैरे. ती हसली. "अगं, थोरलीला ताप होता, म्हणून मी तिच्याजवळ निजले होते. तुमच्या कॉलेजात साधं काही नसतंच का?"

ती गेली त्या सकाळी मी आधी वेळ लिहून ठेवली, मग तुला फोन केला. रडले नाही, हे तू पाहिलंस. तुला वाटलं मी खंबीर आहे. दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तशी मी तेव्हापासून आहे. प्रबंधाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले तेव्हाही तशीच होते. त्यात आई नाही. 'वॉर्डातील एक रुग्ण, वय अठ्ठ्याहत्तर' आहे. विभागप्रमुख बाई तो धाकट्या वर्गाला नमुना म्हणून देणार आहेत. पदवी पुढच्या महिन्यात.

आई गेली त्या दिवशी स्वयंपाकघरात कप विसळता विसळता तू विचारलंस, "माझं नाव काढलं का गं तिनं?" दोन वर्षं तुमचं बोलणं नव्हतं, आणि तू माझ्याकडे न बघता विचारलंस. मी म्हटलं, "गुंगीत होती." ताई, ते खोटं होतं. नऊच्या नऊ मंगळवारी तिनं तुझंच नाव काढलं, चित्रांतही तूच होतीस. शेवटच्या दिवशी म्हणाली, "तिला सांग, भांडण माझ्याकडून कधीच संपलंय. मीच फोन करायला लाजले." मी तुला सांगितलं असतं तर तू चित्रं मागितली असतीस, आणि चित्रं प्रबंधाला जोडलेली होती. एवढ्यासाठी तुला सात महिने उपाशी ठेवलं. बाईंना खरं सांगितल्यावर पदवी जाईल, बहुधा शिक्षणाची दोन वर्षंही. त्यांच्याआधी हे तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. माफ कर असं लिहून पाहिलं आणि खोडलं. ते तुझं तू ठरव.

तुझीच,
धाकटी

उद्या: दहा वाजता बाईंना भेटून प्रबंध मागे घेणे.