मेणकापडाखालचा स्टोव्ह

बाळकुम, ठाणे
९ मे १९८९

चि. कुमुद हिला ताईचे आशीर्वाद.

आईचा गुडघा कसा आहे? इकडे तुझे यजमान दौलतराव मजेत आहेत. मुलांना वर झोपता यावं म्हणून त्यांनी मॅटाडोरला उचलतं कापडी छप्पर केलं आहे. पाणी झिरपू नये म्हणून कापडाला रॉकेलमध्ये पातळ केलेलं मेण चोपडलं. स्वयंपाकाचा स्टोव्ह मात्र त्याच्याच खाली मांडला आहे.

शेजारचा धाकू कोळी म्हणाला, “बाय, मेणकापडाखाली आग आम्ही होडीत पन ठेवत नाय.”

उरलेला तुकडा मी अंगणात पेटवून दाखवला. क्षणात भडकला. दौलतराव हसले, “ताई, शाळेतले प्रयोग अजून चालूच?”

स्टोव्ह मी माझ्या ट्रंकेत कुलपात ठेवला. आज त्यांनी नवा आणला.

रविवारी ते गाडी घेऊन तुम्हाला आणायला निघणार आहेत. तू मुलांना घेऊन शनिवारीच एस.टी.ने नीघ. रागावले तर माझ्यावर रागावू देत.

तुझी,
ताई